युरिन इन्फेक्शनच्या औषधचाचणीत अठ्ठावीस दिवस: पाचपैकी साडेतीन

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. मला जावई नाही, मुलगी आत्ता अकरावीत आहे. माझ्या अवघड जागेच्या दुखण्यावर बारा वर्षं औषध दिलं ते आमच्या पाचपाखाडीतल्या मेडिकलवाल्याने. दुकानात पुरुष गिऱ्हाईक उभं असेल तर मी मोठ्याने क्रोसिन मागायचे. तो समजायचा आणि क्रोसिनच्या खाली ‘ते नेहमीचं’ कागदी पाकिटात सरकवायचा. कधी सहा गोळ्या, कधी दहा. तीन दिवसांत जळजळ थांबली की उरलेल्या गोळ्या फ्रिजच्या दारात, पुढच्या वेळेसाठी. वर्षातून दोनदा तरी ती पुढची वेळ यायचीच.

मिक्सरचे, पोळीभाजी केंद्राचे, एसी दुरुस्तीवाल्यांचे रिव्ह्यू मी आजवर भरपूर लिहिलेत. हा पहिलाच असा की लिहिताना दार लावून बसलेय. युरिन इन्फेक्शनच्या नव्या औषधाची चाचणी घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात चालू होती, तिच्यात मी भाग घेतला. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण बरंवाईट दोन्ही लिहिणार आहे आणि तिथली मुलगी मला अजून व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग पाठवते. औषधाचं नाव लिहीत नाही, कारण ते मलाच माहीत नाही. बाटलीवर नुसता नंबर होता.

खरं तर पहिल्यांदा मला परत पाठवलं होतं. गेल्या गणपतीच्या आधीची गोष्ट. नौपाड्यातल्या माझ्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, मी गेले. तिथल्या को-ऑर्डिनेटर मुलीने बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “ताई, गेल्या सात दिवसांत कुठलं अँटिबायोटिक घेतलंय?” मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, दोनच गोळ्या, घरात होत्या त्या. तिने पेन खाली ठेवलं. दोन गोळ्यांनी सगळे जंतू मरत नाहीत, पण दबून बसतात. लॅबच्या बशीत काही उगवत नाही आणि मग कुठल्या औषधाने कोण मेलं याचा हिशोब लागत नाही. तिथल्या डॉक्टर मॅडमनी वेगळं औषध लिहून दिलं आणि सांगितलं, परत झालं तर काही न घेता इकडे या, चार दिवसांच्या आत. चिडचिड झाली. पण मी अकाउंट्समधली बाई आहे. आधीच खाडाखोड केलेलं व्हाउचर मीही घेत नाही.

परत झालंच. मार्चअखेर होती, म्हणजे आमच्याकडे इयर एंडिंग. माझं ऑफिस रबाळ्याला एमआयडीसीत. चौदा पुरुष, दोन बायका, एक संडास आणि त्याची कडी गेली दीड वर्षं तुटलेली. त्यामुळे आम्ही दोघी सकाळी घरून निघाल्यापासून पाणी पीत नाही. हे कोणी शिकवलं नाही, ठाणे-नेरूळच्या लेडीज डब्यातल्या अर्ध्या बायका हेच करतात. एकमेकींना पाण्याची बाटली देतात आणि घेणारी ओठ ओले करून परत देते. सत्तावीस तारखेला रात्री साडेनऊला ऑफिसातून निघाले, ऐरोली येईपर्यंत कळलं होतं. घरी सासूबाईंनी चालण्यावरून ओळखलं. “उन्हाळी लागली गं तुला,” म्हणाल्या आणि धने भिजत घातले. त्या रात्री तीन वाजता मी बाथरूमच्या स्टुलावर बसून होते, सुरी फिरावी तशी जळजळ, थेंब थेंब लघवी, आणि फ्रिजच्या दारात चार गोळ्या. त्या घेतल्या नाहीत याचं श्रेय मला कोणी दिलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

आता या सगळ्यातला सगळ्यात मोठा भाग, म्हणजे संमतिपत्र. मराठीतच होतं, बावीस पानं. ‘यादृच्छिक पद्धतीने वाटप’ या शब्दांशी मी दोन मिनिटं झटापट केली. शेवटी त्या मुलीने नाणं उडवून दाखवलं तेव्हा कळलं. छापा आला तर नवं औषध, काटा आला तर जुनं, आणि नाणं कॉम्प्युटर उडवणार. जुनं म्हणजे नायट्रोफ्युरँटॉइन, 1953 पासून वापरात असलेलं. ते रक्तात फार थोडं राहतं आणि लघवीत भरपूर उतरतं, म्हणून मूत्राशयातल्या संसर्गाला अजून उपयोगी पडतं. म्हणजे काटा आला तरी मला खरं औषध मिळणार होतं. माझी सगळ्यात मोठी भीती हीच होती की नुसती पिठाची गोळी देऊन माझी गंमत बघतील. तसं नव्हतं, आणि तसं नाही हे पान सहावर लिहिलेलं मी बोट ठेवून वाचून घेतलं.

मग आला तो रकाना, ज्याच्यावरून घरात दोन दिवस विषय चालला. नाव, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनी. नवरा सोबत होता. पॉलिसीच्या फॉर्मवर नॉमिनी लिहिताना त्याला कधी काही वाटलं नाही, इथे त्याचा चेहरा उतरला. “साध्या लघवीच्या गोळीला नॉमिनी कशाला?” डॉक्टर मॅडमनी न चिडता सांगितलं की 2019 च्या नियमांप्रमाणे हा रकाना प्रत्येक औषधचाचणीच्या संमतिपत्रात असतो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च औषध कंपनीचा आणि भरपाईही. माणूस गेलं तर ती कोणाला द्यायची, ते आधीच लिहून घेतात. हे ऐकून नवऱ्याला अजिबात धीर आला नाही. मला मात्र आला. मेडिकलवाल्याने बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं की याने तुमचं काही झालं तर कोणाला कळवू.

“तुला उंदीर करताहेत,” हे नवऱ्याचं वाक्य रिक्षात सुरू झालं आणि भाच्याने लॅपटॉप उघडेपर्यंत चाललं. देशातली प्रत्येक औषधचाचणी सीटीआरआय नावाच्या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. 2009 पासून ती सक्तीची आहे आणि एप्रिल 2018 पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद हवी. संमतिपत्रावरचा नंबर टाकला की चाचणी कोणाची, कुठल्या कुठल्या शहरांत, किती माणसं घेणार, सगळं दिसतं. आमची दिसली. शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीच्या, म्हणजे चाचणीत आपल्यावर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीच्या, सेक्रेटरींचा फोन होता, तोही मी लावला. लागला! दुपारी चारला, दुसऱ्या रिंगला. त्या कमिटीत किमान सात जण असतात, एक तरी बाई, एक कायद्याचा माणूस आणि एक तुमच्याआमच्यासारखा साधा माणूस, आणि निम्मे तरी हॉस्पिटलबाहेरचे. मी विचारलं, मधेच सोडलं तर? “कधीही सोडा, कारण द्यायची गरज नाही, पुढचे उपचार थांबत नाहीत.” हेच पान चारवर होतं, पण माणसाच्या तोंडून ऐकलं की वेगळं वाटतं. सही केलेली एक प्रत मला घरी न्यायला दिली. जाणार असाल तर ती मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. हे सगळं त्या कळा सोसत, दर दहा मिनिटांनी उठून जात केलं, तेही लिहिते. बावीस पानांत नऊ वेळा उठले.

आणि जिथे उठून जात होते, त्या जागेला माझ्याकडून शून्य तारे. युरिन इन्फेक्शनच्या बायका ज्या मजल्यावर बोलावता, तिथल्या बायकांच्या टॉयलेटात पर्स अडकवायला हुक नाही, डबी ठेवायला फळी नाही, आणि कमोडची सीट सैल. नमुना द्यायची पद्धत अशी की आधी पुसून स्वच्छ करा, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत धरा. एका हातात डबी, एका हातात ओढणी, दातात पर्सचा पट्टा. ज्या कोणी ही चाचणी आखली त्याने एकदा ओढणी घेऊन करून बघावं. नमुना दिला की मात्र यंत्र हललं. मुलीने पट्टी बुडवली, एक चौकोन गुलाबी झाला. म्हणजे नायट्राइट, म्हणजे जंतू आहेत. नमुना लगेच लॅबकडे, कारण दोन तास तसाच राहिला तर डबीतच जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो. मला आठवलं, पूर्वी एकदा खासगी लॅबच्या माणसाने माझी डबी सकाळी नऊला नेली होती आणि दुपारपर्यंत त्याच्या बॅगेत घेऊन तो ठाणेभर फिरत होता.

रक्त, ईसीजी, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी गरोदरपणाची तपासणी. शेवटचीला मी हसले. ती मुलगी हसली नाही, नियम आहे म्हणाली.

औषध म्हणजे दोन बाटल्या. एकीत गोळ्या, दुसरीत कॅप्सूल. दोन्हींतून सकाळ-संध्याकाळ घ्यायचं, जेवणानंतर, पाच दिवस. एका बाटलीत खरं औषध, दुसरीत काहीच नाही, आणि कुठल्या बाटलीत काय ते मला, मॅडमना, मुलीला, कोणालाच माहीत नाही. मला हे सहन होईना. नायट्रोफ्युरँटॉइनने लघवी गडद पिवळी, कधी तपकिरी होते हे वाचलं होतं. मग काय, दर वेळी वाकून रंग बघायचा. दुसऱ्या दिवशी गडद पिवळी! मी विजयी मुद्रेने फोन केला, “मला काटा आलाय.” पलीकडून मुलगी घाईने, “ताई, मला सांगू नका, मला कळता कामा नये.” मग जरा थांबून, “आणि तुम्ही बी-कॉम्प्लेक्स घेता असं तुम्हीच लिहून दिलंय. त्यानेही पिवळी होते.” माझी डिटेक्टिव्हगिरी तिथेच संपली.

डायरीबद्दल माझं मत बदलत गेलं. रोज रात्री चार गोष्टींना शून्य ते तीन मार्क द्यायचे: जळजळ, वारंवार जाणं, घाई लागणं, ओटीपोटात दुखणं. डायरीत घाईला ‘मूत्रविसर्जनाची तीव्र निकड’ म्हटलं होतं. दहा नंबर प्लॅटफॉर्मवर पळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, याला निकड म्हणतात का. पहिल्या रात्री 3, 3, 3, 2. दुसऱ्या रात्री 2, 3, 2, 2. चौथ्या रात्री पहिलं शून्य लिहिलं. बारा वर्षांत कधी मोजलंच नव्हतं. ‘बरं वाटतंय’ म्हणजे नक्की किती, हे आकड्यात बघितल्यावर कळलं की पूर्वी मी दोनावरच गोळ्या थांबवत असणार.

दुसऱ्या दिवशी जुलाब झाले. रात्री पावणेअकराला दिलेल्या नंबरवर फोन केला, उचलला. किती वेळा, रक्त आहे का, ताप आहे का, सगळं विचारलं. मी कबूल केलं की दुपारी मामलेदारची मिसळ खाल्ली होती, तीही तिखट. “तरी लिहावं लागेल ताई, मिसळीने असो नाहीतर कशानेही.” माझा पाय मुरगळला असता तरी लिहिला असता म्हणे. आणि बजावलं, थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या, यातलं काही झालं तर डायरी-बियरी सोडून सरळ कॅज्युअल्टीत या, कारण मग जंतू वर मूत्रपिंडाकडे गेलेले असू शकतात.

तिसऱ्या दिवशी कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट आला. जंतू वाढायला एक दिवस आणि कुठल्या औषधाने मरतो ते बघायला आणखी एक, म्हणून तिसरा. औषध आधीच सुरू करतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत. मी झेरॉक्स मागितली. जंतू ई. कोलाय, नेहमीचा यशस्वी कलाकार. असे बहुतेक संसर्ग त्याचेच, आणि तो आपल्याच आतड्यात राहतो. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे मरतो, आर म्हणजे दाद देत नाही. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस होता. मी बोट खाली आणलं. नॉरफ्लॉक्सासिन, आर. सिप्रोफ्लॉक्सासिन, आर. घरी येऊन फ्रिजच्या दारातली पट्टी काढली. पाठीमागे उभी लाल रेघ होती, ती सरकारने 2016 पासून लोकांना ओळखायला सांगितलेली, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी. रेघेच्या वर बारीक अक्षरात नॉरफ्लॉक्सासिन.

गोळ्या थांबवल्या कधी, दुखणं गेलं कशाने, आणि गेलं होतं का, हे सगळे जुने हिशोब त्या एका अक्षराने उलटे झाले. मेडिकलवाल्यावर राग आला, पण अर्धाच. मागायला मीच जात होते, क्रोसिनच्या आडून.

अकराव्या दिवशी परत बोलावलं. मी ठणठणीत होते, पण तरी डबी भरून घेतली. तोवर मी घरी बरंच वाचलं होतं आणि घाबरले होते. जेपोटिडासिन नावाची गोळी आहे, जीएसके (पूर्वीची ग्लॅक्सोस्मिथक्लाइन) कंपनीची, मार्च 2025 मध्ये अमेरिकेत मान्य झाली, ती याच दुखण्याची. तिच्या दोन मोठ्या चाचण्या लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात 2024 साली आल्या. एकीत नवी गोळी 50.6 टक्के यशस्वी आणि जुनं नायट्रोफ्युरँटॉइन 47 टक्के, दुसरीत 58.5 आणि 43.6. मी मॅडमना म्हटलं, म्हणजे निम्म्या बायका बऱ्याच झाल्या नाहीत? त्यांनी खुर्ची जवळ ओढली. तिथे ‘यशस्वी’ कोणाला म्हणायचं याची अट कडक होती. त्रास पूर्ण गेला पाहिजे आणि त्याशिवाय लघवीतले जंतू ठरलेल्या रेघेच्या खाली, मिलीलीटरला हजारच्या आत, आले पाहिजेत. बाईला बरं वाटतंय पण जंतू उरलेत, तर नापास. जंतू गेले पण अजून थोडी घाई आहे, तरी नापास. म्हणून मी ठणठणीत असूनही त्यांना डबी हवी होती. हे पाच मिनिटांचं बोलणं मला पैसे देऊन कधी मिळालं नसतं. नौपाड्यात तीनशे रुपये आणि तीन मिनिटं, त्यात दीड मिनिट बाईंचा फोन.

माझी चिडचिड मात्र दीड तारा कापण्याइतकी होतीच. टॉयलेटचं वर आलंच. प्रवासखर्च म्हणून एका फेरीचे सातशे रुपये कबूल होते. पाचपाखाडीहून रिक्षाचे जायचे शंभर-सव्वाशे आणि यायचे तेवढेच, शिवाय अर्ध्या दिवसाची रजा, त्यामुळे सातशे ठीक. पण ते खात्यात यायला सात आठवडे लागले आणि तीन फोन. माझ्या हाताखालच्या मुलाने व्हेंडरचं बिल इतकं लांबवलं असतं तर मी त्याला उभा केला असता. अकराव्या दिवशी दहाची वेळ देऊन रक्त घेणारा माणूस पावणेबाराला आला. आणि मोठी तक्रार अशी की मला छापा आला की काटा, ते अजून कळलेलं नाही. सगळ्या शहरांतली सगळी माणसं संपल्यावर, आकडे बंद झाल्यावर सांगतील म्हणे. कारण पटतं, तरी खुपतं. माझ्या पोटात गेलेल्या वीस गोळ्या-कॅप्सूलमधल्या दहा कशाच्या, हे परदेशातल्या कुठल्याशा कॉम्प्युटरला ठाऊक आणि मला नाही.

मैत्रिणी विचारतात, आम्हीही जाऊ का. फुकट औषध मिळतं म्हणून जाऊ नका. मॅडमनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं की याला उपचार समजून येऊ नका, आम्ही औषध तपासतोय, तुमच्यावर. गरोदर असाल, ताप असेल, पाठ दुखत असेल तर या चाचणीत घेतही नाहीत, आणि घेत नाहीत तेच बरं. वेळ नसेल तर नकोच, कारण तीन फेऱ्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचा फोन चुकवता येत नाही. पण चाचणीत गेलात-न गेलात तरी पुढच्या वेळी गोळीच्या आधी कल्चर करा. मी चौकशी केली, आमच्या भागात सातशे रुपयांत होतं.

सध्याची परिस्थिती: फ्रिजच्या दारात आता लिंबाचं लोणचं आहे. ऑफिसच्या संडासाला मी स्वतः एकशे चाळीस रुपयांची कडी आणून लावून घेतली आणि बिल पेटी कॅशमध्ये टाकलं. सासूबाईंचं धण्याचं पाणी चालू आहे, त्यांच्या मते गुण त्यालाच आला.

आणि जाणारच असाल तर एक. नमुना द्यायचा असतो म्हणून घरून भरपूर पाणी पिऊन निघाल, तसं करू नका. कापूरबावडीच्या सिग्नलला मी पस्तीस मिनिटं होते.